भातकुलीवाली, पेठवाली आन् हमीद चाचाची जीभ

चाचा, असा लेख म्हटला की लोकायले वरती एक फोटो लागते, खाली दोन तारखा, आन् मंग "मनमिळाऊ स्वभावाचे" असं काईतरी. वाचणाऱ्यायले आधीच सांगून ठेवतो, त्यातलं इथं काई भेटणार नाही. तुमी मनमिळाऊ नव्हते. अर्ध्या गल्लीशी तुमचं बोलणं बंद होतं, आन् उरलेल्या अर्ध्या गल्लीशी तुमी बोलत होते म्हणून ते लोकं वैतागले होते. तारखा म्हणसान तं तुमची जन्मतारीख रेशनकार्डावर एक, आधारवर दुसरी, आन् चाचीच्या मते तिसरीच.

कोणाले वाटन, हा पोट्टा लग्नायमंधी माइक धरते, पुढाऱ्यायच्या आन् मास्तरायच्या नकला करते, म्हणजे इथं हसाले भेटन. तेही पक्कं नाही. हा लेख टमाटरचा हाये. हमीद चाचाच्या अंगणातला सगळ्यात चांगला टमाटर कोणता आन् सगळ्यात भंगार कोणता, एवढाच विषय. ज्याले घाई असन त्याच्यासाठी निकाल इथंच देऊन टाकतो: चांगली भातकुलीवाली, भंगार पेठवाली. झालं, जा घरी.

जे बसले हायेत त्यायले तुमची ओळख द्या लागते, चाचा. जरा दम धरा.

तुमचा धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. खांद्यावर खाकी पिशवी, पिशवीत पेचकस, तेलाची कुप्पी आन् एक जुना टूथब्रश. अमरावतीहून सकाळच्या एस्टीनं कधी भातकुली, कधी नांदगाव खंडेश्वर, आन् मशीनचे पार्ट संपले की अकोला. ज्या घरी मशीन उघडली त्या घरच्या परसाकडं तुमचं अर्धं लक्ष. बाई चहा ठेवाले आत गेली की तुमी मागच्या दारानं बाहेर. ती कप घेऊन येते तं मिस्त्री गायब, मशीन उघडी पडलेली, आन् मिस्त्री तिकडं भेदऱ्याच्या झाडाजवळ उकिडवे. भेदरं म्हणजे टमाटरच, आपल्या इकडचं जुनं नाव. तुमी विचारायचे, ताई, हे बी कुठलं, किती सालापासून हाये, पाणी कोण देते. मशीनबद्दल इतके प्रश्न तुमी जिंदगीत कोणाले विचारले नाही. मंग एक पिकलेलं भेदरं रुमालात बांधून घरी, त्याचं बी काढून अस्तराच्या तुकड्यावर वाळवायचं, आन् वाळलं की बॉबिनच्या डबीत.

नावं ठेवायची तुमची रीत मले आजही भारी वाटते. आपल्याकडं सासरी आलेल्या बाईले कोणी तिच्या नावानं हाक मारत नाही, माहेरच्या गावानं मारते. दर्यापूरवाली आली का, बडनेरेवालीचं पोट्टं कुठं गेलं. तुमी टमाटरायले तसंच केलं. जे बी ज्या गावाहून आलं त्या गावची ती सून. तुमचं मागचं अंगण म्हणजे दोन खाटा टाकल्या तं तिसरीले जागा नाही एवढं, पण त्यात सात-आठ सुना नांदत होत्या. मशीनचे मोडके लोखंडी पाय उभे करून तुमी त्यायले टेकू दिला होता. झाड पायंडलवर पाय ठेवून वर चढायचं.

मी बारावीत इंग्रजीत उडलो तवा घरी कोणी माह्याशी बोलत नव्हतं. तुमी भिंतीवरून डोकावून म्हटलं, रिकामाच असशीन तं ये, या बायायले आवाज दे. तुमाले माहीत होतं मी नकला करतो, कारण मी तुमच्या दारासमोर उभा राहून सगळ्या गल्लीच्या नकला करायचो. तुमची मात्र कधी केली नाही. भ्यायचो तुमाले.

मी एकेकीले आवाज दिला. अकोलेवाली दिसाले अशी लाल, गुळगुळीत, जशी लग्नाच्या फोटोले बसली हाये. कापली की आत नुसतं पाणी. तिचा आवाज म्हणजे "या नं, बसा नं, चहा घ्या नं", आन् चहा काई येत नाही. खंडेश्वरवाली बोराएवढी, पण खाल्ली की कानाच्या मागं झणका. तिले मी नाकात बोलणारी भांडकुदळ केलं. पेठवाली नांदगाव पेठेत कपड्याच्या कारखान्यात शिवणाऱ्या एका ताईनं दिली होती, तिच्याकडंही ती बाजारच्या पुडीतून आलेली. काय तिची साल, चाचा. एकदा गच्चीवरून माह्या हातून सुटली, खाली फरशीवर पडली, दोन उड्या मारल्या आन् तशीच बसली. शेजारच्या बकरीनं हुंगून सोडून दिली. तिले मी लाउडस्पीकरचा आवाज दिला: हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग. नुसता आवाज, आत काई नाही.

आन् भातकुलीवाली. दिसाले सगळ्यात वाईट. अंगावर घड्या, खांदे पिकले तरी हिरवे, देठापाशी फाटलेली, साल इतकी पातळ की बोटाचा ठसा उमटते. ही चाचीच्या माहेराहून आली होती, चाचीच्या संगच. चाचीच्या आजीच्या परसातलं बी. म्हणून तिचा आवाज मी चाचीचाच काढायचो. चाची आतमंधी भाकरी थापत ऐकायची आन् ऐकलंच नाही असं दाखवायची.

मंग जानेवारीत, जुम्म्याची नमाज झाली की तुमची ती परीक्षा. तुमी स्टुलावर बसायचे, डोळ्यावर अस्तराची पट्टी. मी बिनामिठाची एकेक फोड तुमच्या तोंडात द्यायची आन् मुद्दाम भलत्याच सुनेच्या आवाजात बोलायचं. पेठवाली देऊन चाचीच्या आवाजात म्हणायचं, "खा नं, माहेरचं हाये." तुमी फसले पायजे, हा खेळ. तुमी फसले नाही. एक साल नाही. आवाज मी कोणाचाही काढो, तुमची जीभ नाव घ्यायची. मले वाटायचं तुमी पट्टीखालून पाहून राहिले, म्हणून मी वरून टॉवेल बांधला. एकदा खंडेश्वरवाली देल्ली तं तुमी म्हटलं, ही सकाळची नाही, दुपारी तोडली, उन्हानं गरम असताना. मी दुपारीच तोडली होती. सकाळी झोपून राहिलो होतो, कोणाले सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी घरी जाऊन एकटाच टमाटर खाऊन पाहिला, डोळे बंद करून, लय वेळ. मले टमाटरच लागला. मानसाच्या तोंडात एवढं मोठं घर कसं असू शकते, हे मले तवा समजलं नाही, आजही समजलं नाही.

खेळ झाला की खरं काम. भातकुलीवालीची पाच झाडं. दर सालाले त्यातलं एकच झाड बियासाठी निवडायचं. तवा मी गप्प बसायचो. तुमी पाची झाडांची एकेक फोड खायचे, मधल्या वेळात कोमट पाणी प्यायचे, आन् म्हणायचे, ही. त्या झाडाले लाल दोरा. असं तुमी चाळीस साल केलं. म्हणून भातकुलीवाली भातकुलीवाली राहिली. खुद्द भातकुलीत ती आता उरली नाही, चाचीच्या भावायनं परसात फरशी टाकली.

भांडणही सांगून टाकतो, लोकायले कळू द्या. मी म्हणायचो, पेठवाली उपटून फेका. सगळ्यात चांगली उन्हाची जागा, नळाजवळची, तुमी दर साली तिले देत होते. आदल्या साली जी नापास झाली तिले दुसऱ्या साली पहिली जागा, हा तुमचा कायदा. ती दर साली नापास व्हायची आन् दर साली नळाजवळ बसायची. मी तुमाले म्हटलं, चाचा, ही पास होणार नाही. तुमी म्हटलं, एक साल जागा बदलून पाहू. जागा तीच. दुसरं भांडण मोठं. माह्या मते सगळ्यात चांगली खंडेश्वरवाली. चुलीवर भाजा, हिरवी मिरची, लसूण, ठेचा, आन् मंग माह्याशी बोला. तुमी म्हणायचे, तिले पहिलं वाक्य येते, दुसरं येत नाही. भातकुलीवाली पूर्ण गोष्ट सांगते. आपण कधी एका मतावर आलो नाही. पुढल्या जानेवारीत पाहू, असं म्हणून सोडायचो.

आता ते सांगतो जे मी तुमाले सांगितलं नाही.

दोन साल आधी तुमाले तो मोठा ताप आला होता. ताप गेला, तुमी उठले, जानेवारी आला. पट्टी, टॉवेल, स्टूल. मी नेहमीसारखी पहिलीच पेठवाली देल्ली, चाचीच्या आवाजात. तुमी चावली. तुमच्या तोंडावर हसू आलं आन् तुमी म्हटलं, "भातकुलीवाली."

मले वाटलं माही गंमत करून राहिले. मी खंडेश्वरवाली देल्ली, लाउडस्पीकरच्या आवाजात. तुमी तोंड वाकडं केलं आन् थुंकली. म्हटलं, पेठेची.

तुमच्या जिभेवर काईच नव्हतं, चाचा. तुमी माह्या आवाजावर चालून राहिले होते, अंधारात भिंतीले हात लावून चालते मानूस तसे. त्यानंतरच्या फोडी मी खऱ्या आवाजात देल्ल्या. अकोलेवाली अकोलेवालीसारखी बोलली. तुमी सगळ्या बरोबर ओळखल्या आन् म्हटलं, आज फसवलं नाही रे, थकला का?

मंग आली ती पाच झाडं, जिथं मी गप्प राहाचा कायदा. पहिली फोड देल्ली. तुमी चावत राहिले, चावत राहिले. तुमचा एक हात स्टुलाच्या कडेवर फिरून राहिला होता. मी गप्प राहू शकलो नाही. तुमच्या पाठीमागं घाईघाईनं पाची फोडी मी स्वतः खाल्ल्या, आन् मंग प्रत्येकीले चाचीचा आवाज देल्ला. पहिलीले सकाळी भांडे घासतानाचा. दुसरीले पाहुणे नकोसे असतानाचा. अशी एकेक. चौथी मले सगळ्यात चांगली लागली होती, तं तिले तो आवाज देल्ला जो चाचीचा भाऊ भातकुलीहून आला की दारातूनच निघते. तुमी मान वर केली, पट्टी बांधलेली, आन् म्हटलं, ही.

लाल दोरा मी बांधला. डबीतलं बी कोणी निवडलं? ज्याले इंग्रजीत पास होता आलं नाही त्यानं.

मागच्या साली तं तुमी पट्टी बांधायच्या आधीच म्हटलं, "आज जरा मन लावून बोल, नकल्या." बस, एवढंच. मी तुमच्याकडं पाहिलं, तुमी अस्तराची घडी घालून राहिले होते. तुमाले माहीत होतं का, मले माहीत हाये म्हणून? मी विचारलं नाही. तुमी सांगितलं नाही. मी त्या दिवशी जिंदगीत बोललो नाही इतकं चांगलं बोललो. लग्नात पाचशे मानसं टाळ्या वाजवतात तवाही मले तसं वाटत नाही, जसं तुमी पट्टी बांधून, सगळं तोंड कान करून ऐकत होते तवा वाटलं.

या साली तुमी परीक्षेच्या जुम्म्याच्या आदल्या दिवशी गेले. स्टूल तुमी धुऊन उन्हात वाळत ठेवला होता. मी मयतीत होतो, खांदा देल्ला, सगळं केलं. पण मले आठवते तो स्टूल. संध्याकाळपर्यंत कोणी आत घेतला नाही, आन् झाडावर सगळ्या सुना लालेलाल.

मंग गावोगावच्या बाया चाचीले भेटाले येऊ लागल्या, ज्यायच्या मशीनी तुमी चालू ठेवल्या त्या. रडायच्या, बसायच्या, आन् उठता उठता हळूच विचारायच्या, भेदऱ्याचं बी भेटन का यंदा? दर साली तुमीच नेऊन द्यायचे नं. चाची म्हणायची, भेटन, नकल्या काढून देईन.

नकल्या पळून गेला, चाचा. आठ दिवस मी तुमच्या दारावरून गेलो नाही, मागच्या गल्लीनं गेलो. काहून का डबीत दोन सालाचं बी माह्या जिभेचं होतं. चाळीस साल तुमी एकेक झाड पारखून जे सांभाळलं ते मी दोन सालात बिघडवलं असन तं? आन् आता तिसऱ्यांदा? चुकीचं झाड धरलं तं खंडेश्वर, पेठ, अकोला, सगळ्या परसात माही चूक उगवन, तुमच्या नावानं.

नवव्या दिवशी चाचीनं निरोप धाडला. अंगणातून टमाटर पडल्याचा आवाज येते, म्हणे, येऊन जा. चाची इद्दतीत, म्हणजे नवरा गेल्यावर बाईनं घरातच राहाचे ते दिवस, घराबाहेर जात नव्हती. मागच्या अंगणात यायले कोणाची मनाई नव्हती, पण तिथंही ती येत नव्हती. पडद्याच्या आत खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. मी उंबऱ्यावर बसलो आन् सगळं सांगून टाकलं. तापापासून. पट्टी, आवाज, चौथं झाड. तिचाच आवाज चोरला, तेही.

तिचे हात थांबले नाही. म्हणे, "मले काय सांगतं? तापातून उठल्यावर एक दिवस मी भाजीत मीठ टाकाले विसरली. त्यायनं दोन भाकरी खाल्ल्या आन् चांगली झाली म्हटलं. त्याच दिवशी समजलं मले."

मंग तिनं सांगितलं ते तुमी मले कधी सांगितलं नसतं. तिनं तुमाले म्हटलं होतं, मी चाखून देईन, मी तं त्याच भेदऱ्यावर लहानाची मोठी झाली. तुमी नाही म्हटलं. तुमी म्हटलं, तू माहेरच्या सगळ्यायलेच चांगलं म्हणशीन. तो पोट्टा माह्याशी भांडते. त्याले भातकुलीवाली आवडत नाही, म्हणून तिच्यातलं जे झाड त्याले आवडन ते खरं.

चाचा, मी उंबऱ्यावरून उठलो. मी समजत होतो मी तुमाले हात धरून नेऊन राहिलो. आन् तुमी जाणूनबुजून सगळ्यात अवघड परीक्षकाच्या हातात हात देल्ला होता.

अंगणात गेलो. पाची झाडांची एकेक फोड कापली. कोणाचाच आवाज काढला नाही, ऐकाले कोण होतं. पहिलं झाड पाणचट. दुसरं बरं. तिसऱ्याची फोड तोंडात ठेवली आन् मी तसाच उभा राहिलो. आधी आंबट, खंडेश्वरवालीसारखी, कानामागं झणका. माह्या मनात आलं, घ्या, मी जिंकलो. मंग हळूच गोड झाली. मले वाटलं संपलं. संपलं नाही. गोड गेल्यावर कायतरी उरलं, जिभेच्या मागच्या बाजूले, ज्याले माह्याजवळ नाव नाही, आन् ते जाईचना. मी भिंतीकडं पाहत उभा, तोंडात काई नाही, आन् तरी ती बोलूनच राहिली. पूर्ण गोष्ट. मोडक्या लोखंडी पायावर चढलेलं एक फाटकंतुटकं झाड, आन् त्याच्यात एवढं सगळं. इतके साल मी भांडत होतो ते खेळाच्या नादात, घाईत गिळून. चौथं, पाचवंही खाल्लं. तिसरंच.

भांडण तुमी जिंकले, चाचा. सांगाले तुमी पायजे होते.

मी एका हातानं लाल दोरा बांधला. दुसऱ्या हातात त्याच झाडाचं खालच्या घोसातलं, बियाचं, भेदरं होतं, फुटलेलं. आन् मले माहीत नाही कसं, मी ठरवलं नव्हतं, पण निकाल सांगाले तोंड उघडलं तं तुमचा आवाज निघाला. जो मी तुमच्या जिवंतपणी एकदाही काढला नाही. अंगणभर निघाला. "हीच. हीच ठेव, बेगम."

आत तांदूळ निवडायचा आवाज थांबला. पडदा सरकला. तुमी गेल्यापासून चाची पहिल्यांदा अंगणात आली, अनवाणी, हातात सूप तसंच.

"कोणाचा आवाज काढतं रे? लाज हाये का काई? आन् तो असा बोलत होता? तो आधी तिकडं तोंड करायचा, मंग बोलायचा. माह्याकडं पाहून त्या मानसानं एक शब्द काढला नाही, आन् तू काय 'हीच, हीच' लावलं, मिठाई वाटल्यासारखं? आन् बेगम? चाळीस साल मी 'ओ, ऐकलं का' होती. चाळीस साल. मेल्यावर त्याच्या तोंडात साखर घालतं? येत नसन तं करू नको, आन् करशीन तं त्याच्यासारखा खडूस कर, मले समजलं पायजे का तोच हाये. रडू नको. काहून रडतं? खाली पाह्य, डोये फुटले का? हातातल्या भेदऱ्यातून सारं बी मातीत सांडून राहिलं. माह्या आजीचं हाये ते. उभा काय, वाटी आण."